आमची गोळी जाते कुठे

आमच्या कंपनीत प्रत्येक गोष्टीची नोंद होते. हॉलचं तापमान किती, हवेत दमटपणा किती, कोण कधी आत आलं, कोणी हात धुतले आणि कोणी धुतल्यासारखं केलं. एखादी गोळी जमिनीवर पडली तर तिची चौकशी लागते, पडण्याचं कारण शोधलं जातं आणि ती पुन्हा पडू नये म्हणून आम्हा सगळ्यांना ट्रेनिंग दिलं जातं. एवढं लिहून ठेवणाऱ्या कंपनीत माणसं काय बोलली ते मात्र कुणीच लिहीत नाही. ते आपोआप माझ्याकडे साचत गेलं. सफाळ्याला घरी पोचले की जेवताना एखादा किस्सा सांगायचा. नवरा हसला तर तो पक्का. ऐकून जेवायचा थांबला तर त्याहून पक्का.

कंपनी मोठी आहे, परदेशी आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून नोकरी करायची आहे. तारापूरच्या एमआयडीसीत तिचा एक प्लांट आहे आणि तिथं फक्त गरीब देशांसाठी औषधं बनतात. 'गरीब' म्हणायचं नाही, 'विकसनशील' म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी एक्स्पोर्ट पॅकिंगची ऑफिसर. गोळी पट्टीत जाते, पट्टी डब्यात, डबा खोक्यात आणि खोकं कंटेनरमध्ये. हे सगळं माझ्या नजरेखालून. आमचे प्लांट हेड म्हणजे नाडकर्णीसाहेब. लाइनचे सुपरवायझर तांडेलकाका, समुद्रकाठच्या एडवणचे. आणि पट्ट्या तपासायला बसणाऱ्या बायकांत सगळ्यात जुनी रंजना, ती आत डोंगराकडच्या पाड्यावरून येते. बाकी लोक येतात, जातात.

*

एकदा एका लांबच्या देशाच्या औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले. त्यांच्या देशात आमची गोळी जाते, म्हणून ती कुठं बनते ते बघायला. माणूस अतिशय सज्जन आणि अतिशय बारीक नजरेचा. त्यांनी आमचं एक जुनं खोकं आणि एक नवं खोकं शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, "फॅक्टरी कधी हलवली?"

नाडकर्णीसाहेब म्हणाले, "हलवली नाही."

"जुन्या खोक्यावर जिल्हा ठाणे आहे. नव्यावर जिल्हा पालघर."

"हो. फॅक्टरी तिथंच आहे. जिल्हा हलला."

इन्स्पेक्टरांनी आपली फाइल उघडली. त्यांच्या नियमात फॅक्टरी हलली तर काय करायचं ते लिहिलेलं होतं. सगळी मशिनं नव्यानं तपासायची, गोळ्या नव्यानं टेस्ट करायच्या. जिल्हा हलला तर काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी पालघर वेगळा जिल्हा कसा झाला ते पहिल्यापासून सांगितलं. डोंगरातल्या माणसाला कलेक्टर ऑफिस गाठायला पूर्वी ठाण्यापर्यंत जावं लागायचं, हे ऐकून इन्स्पेक्टरांना वाईटही वाटलं. पण फॅक्टरी पूर्वी इथंच होती याचा पुरावा काय, हा प्रश्न राहिलाच.

शेवटी तांडेलकाका त्यांना गेटजवळच्या बदामाच्या झाडापाशी घेऊन गेले. "हे झाड बगा," काका म्हणाले, "मी कामाला लागलो तवा पण हे इथंच होतं, आनी फॅक्टरी याच्या मागंच होती." मी भाषांतर केलं. इन्स्पेक्टरांनी झाडाचा फोटो घेतला.

त्यांच्या रिपोर्टात आमच्याविरुद्ध एकच शेरा होता. 'फॅक्टरी हलवल्याचे आढळले नाही. तथापि जिल्हा हलवण्यापूर्वी ग्राहक देशाला कळवणे अपेक्षित होते.'

नाडकर्णीसाहेबांनी उत्तर पाठवलं, 'यापुढे जिल्हा बदलण्यापूर्वी आपल्याला अवश्य कळवू.'

तिकडून उत्तर आलं, 'समाधानकारक.'

*

ज्यांना वाचता येत नाही अशा पेशंटसाठी डब्यावर चित्रं छापायची, असं हेड ऑफिसनं ठरवलं. कल्पना चांगलीच होती. चित्रं समजतात की नाही ते बघायला तिकडून एल्सा नावाच्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, तुमच्या लाइनवरच्याच लोकांना दाखवू.

पहिलं चित्र होतं आडव्या रेषेवर अर्धा सूर्य. मी विचारलं, "गोळी कधी घ्यायची?"

तांडेलकाका म्हणाले, "संद्याकाळी."

रंजना म्हणाली, "सकाळी."

"सूर्य पान्यात जातो तो संद्याकाळी," काका म्हणाले. "पान्यातून वर कदी आलेला बगितलास?"

"पानी कुठं हाय?" रंजना म्हणाली. "ही डोंगराची रेघ हाय. डोंगरातून तो सकाळीच वर येतो."

एल्साबाईंना मी समजावलं की आमच्याकडे पश्चिमेला समुद्र आहे आणि पूर्वेला डोंगर, त्यामुळे दोघांचंही बरोबर आहे. त्या म्हणाल्या, ती रेषा पाण्याचीही नाही आणि डोंगराचीही नाही, ते नुसतं क्षितिज आहे. हे मी भाषांतर करून सांगितल्यावर काकांनी आणि रंजनानं एकमेकांकडे पाहिलं. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं की बाई छान आहेत, पण त्यांना काही माहीत नाही.

काही आठवड्यांनी नवीन चित्र आलं. सकाळ कळावी म्हणून सूर्याशेजारी कोंबडा काढला होता. सगळ्या बायका आलटून पालटून चित्र बघत बसल्या. शेवटी रंजनानं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "कोंबडी खाऊन घ्यायची."

"आनी श्रावणात?" तांडेलकाकांनी विचारलं.

एल्साबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी मला विचारलं, ते काय म्हणतात? मी म्हटलं, वर्षातला एक महिना काही पेशंट्सना हे जमणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

मग चित्राचं प्रकरण वर कुठंतरी कमिटीकडे गेलं. निर्णय यायला बराच काळ लागला. आता डब्यावर मोठ्या ठळक अक्षरांत इंग्रजीत 'मॉर्निंग' असं छापतात.

*

लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी होती, तिला स्ट्रॉबेरीचा वास होता. ज्या देशांत ती जायची तिथल्या मुलांनी स्ट्रॉबेरी कधी बघितली नव्हती. ती गोळी थुंकून टाकायची. मग हेड ऑफिसनं सगळ्या प्लांटना कळवलं, आपल्या भागातलं मुलांच्या आवडीचं एखादं फळ सुचवा.

नाडकर्णीसाहेबांची सासुरवाडी घोलवडची, चिकूच्या वाडीतली. साहेबांना मी एवढ्या उत्साहात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चिकू सुचवला आणि सोबत चार ओळी लिहिल्या. तिकडं चिकू कुणी खाल्लेला नव्हता. त्यांनी विचारलं, चव कशी? साहेबांनी लिहिलं, गोड, गुळासारखी, जराशी रवाळ. रंग कसा? साहेब अडले. खरं तेच लिहायची सवय, म्हणून लिहिलं, मातीसारखा.

उत्तर आलं की गोड, रवाळ आणि मातकट असं औषध मुलं घेतील असं वाटत नाही. शेवटी जो फ्लेवर आला त्याचं नाव 'ट्रॉपिकल'. कुठलंही फळ नाही, नुसतं हवामान. तांडेलकाकांनी सॅम्पल जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "संत्र्याची साल चघळल्यावानी लागतंय."

साहेबांनी चाखायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी सासुरवाडीहून चिकूची पेटी आली आणि त्यांनी स्वतः हॉलच्या दाराशी उभं राहून प्रत्येकाला एक एक चिकू दिला.

*

कंटेनर भरायला रामजनम नावाचा माणूस आहे, मूळचा पूर्वांचलचा, आता बोईसरचाच. खोक्यांवर छापलेली गावांची नावं तो मोठ्यानं वाचतो. एकदा म्हणाला, "मॅडम, ये वागाडूगू कहाँ पड़ता है? वापी के आगे?"

वागाडूगू आफ्रिकेत आहे, पण मी घाईत होते. म्हटलं, "हाँ, थोड़ा आगे."

त्यानंतर काही दिवसांनी मी ऑफिसच्या खिडकीत उभी होते. खाली ट्रकचा नवीन ड्रायव्हर त्याला विचारत होता, माल कुठं चाललाय? रामजनम म्हणाला, "वागाडूगू. वापी के आगे."

ड्रायव्हर म्हणाला, "वापी तो उधर है। मेरे को तो बंदर जाने को बोला है, न्हावाशेवा। उल्टा?"

रामजनमनं दोरी आवळली आणि शांतपणे म्हणाला, "एक्सपोर्ट में ऐसाइच होता है।"

*

एकदा एका देशातून तक्रार आली की तुमच्या नव्या खोक्यांचा तळ कमजोर आहे. तक्रार एका डोंगरी दवाखान्यातल्या नर्सची होती. अशी तक्रार आली की आमच्याकडे धावपळ होते. गोळ्या फुटल्या असतील, ओल्या झाल्या असतील. हेड ऑफिसनं झाडं वाचवण्यासाठी नुकताच खोक्याचा पुठ्ठा पातळ केला होता, त्यामुळे सगळे जास्तच घाबरलेले. नाडकर्णीसाहेब म्हणाले, आधी त्या बाईंशी बोला.

मी आणि तांडेलकाका कॅमेऱ्यासमोर बसलो. नर्स चांगली उंचपुरी, मोठ्यानं हसणारी. गोळ्या कशा आहेत विचारलं तर म्हणाली, गोळ्या उत्तम आहेत, गोळ्यांबद्दल मी कुठं काय म्हटलंय? मग तिनं फोन उचलला आणि मागची खोली दाखवली. भिंतीला लागून आमची खोकी ओळीनं मांडली होती आणि प्रत्येकात कापड अंथरून एक एक तान्हं बाळ झोपवलं होतं. बाजूला आमच्या कंपनीचं नाव आणि 'कोरड्या जागी ठेवा'.

"जुन्या खोक्यात बाळ नीट राहायचं," ती म्हणाली. "नव्याचा तळ वाकतो."

मी रिपोर्ट पाठवला. हेड ऑफिसनं उत्तर दिलं की वस्तूचा वापर मान्य नसलेल्या कामासाठी झालेला आहे, सबब तक्रार बंद करावी.

तांडेलकाकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "तक्रार बंद झाली," ते म्हणाले. "बाळ पडलं तर?"

ते नाडकर्णीसाहेबांकडे गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. साहेबांनी एक प्रस्ताव पाठवला, 'त्या भागातील दमट हवामान लक्षात घेता खोक्याचा तळ दुहेरी करणे आवश्यक आहे.' बाळाचा त्यात उल्लेख नव्हता. प्रस्ताव लगेच मंजूर झाला, वर साहेबांना हवामानाच्या जाणिवेबद्दल शाबासकीही मिळाली.

नवीन खोकी पोचल्यावर नर्सचा निरोप आला. तळ छान आहे, आभारी आहे. फक्त लांबी थोडी वाढवता येईल का? बाळं मोठी होताहेत.

*

हेड ऑफिसकडून एक फोटोग्राफर आला होता. आमच्या प्लांटची माणसं, असं काहीतरी त्याला करायचं होतं. पण हॉलमध्ये टोपी, मास्क आणि झगा घातल्यावर आम्ही सगळे सारखेच दिसतो. म्हणून सुट्टी झाल्यावर गेटबाहेर त्यानं रंजनाला थांबवलं. ती घरच्या साडीत, कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. त्यानं तिच्या हातात औषधाचा एक डबा दिला आणि उन्हात उभं करून फोटो काढला. फोटो खरंच सुरेख आला.

पुढच्या वर्षी हेड ऑफिसचं रंगीत पुस्तक आलं. कव्हरवर रंजना. तिकडच्या फोटोंच्या गठ्ठ्यात कुणीतरी गल्लत केली असणार. खाली इंग्रजीत ओळ होती.

"काय लिवलंय, मॅडम?" रंजनानं विचारलं.

मी सांगितलं, "आमच्या औषधानं हिला नवं आयुष्य दिलं."

ती विचारात पडली. "मला झालं काय होतं?"

"ते लिहिलेलं नाही."

"बरी झाले ना पण?"

"हो. पूर्ण बरी."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि पुस्तक घरी दाखवायला मागून घेतलं.

पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. काही महिन्यांनी खुद्द हेड ऑफिसचे एक डायरेक्टर प्लांट बघायला आले. कॅन्टीनमध्ये सगळे रांगेत उभे होते, टोप्या-मास्क काढलेले. डायरेक्टर चालता चालता रंजनासमोर थांबले. त्यांनी तिला ओळखलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्रजीत बरंच काही बोलले. नाडकर्णीसाहेब जमिनीकडे बघत होते. कॅन्टीनची फरशी नुकतीच बदलली होती, पण एवढं बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

रंजनानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब म्हणतात, तू एवढ्या मोठ्या आजारातून उठलीस आणि मग इथंच कामाला लागलीस, याचा त्यांना फार आनंद झालाय. तुला काही सांगायचंय का, असं विचारतात."

रंजनानं थोडा विचार केला. "त्यांना इचारा," ती म्हणाली, "त्या आजाराची सुट्टी मी घेतलीच नाय. ती आता मिळंल का?"

डायरेक्टर माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, "सर, ती तुमचे आभार मानते आहे."

*

रंजनाचे सासरे देवजीबाबा. डोंगराच्या उतारावर थोडी जमीन, पावसावर भात आणि नागली. माणूस काटक. त्यांना खोकला लागला आणि काही केल्या जाईना. जवळच्या दवाखान्यात झालं, पालघरला झालं. बाबा खंगत चालले. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरणीनं शोधून काढलं की फुप्फुसात एक हट्टी बुरशी बसली आहे. त्यावर एक ठराविक गोळी लागते, बरेच महिने घ्यावी लागते. तिनं नाव लिहून दिलं आणि म्हणाली, ही आपल्याकडे मिळत नाही, पण बघूया.

दुसऱ्या दिवशी रंजना तो कागद घेऊन माझ्याकडे आली. नावावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ही आपलीच ना?"

आमचीच होती. रोज तिच्या हाताखालून हजारोंनी जात होती. पट्टीवर फ्रेंचमध्ये छापलेलं, फक्त बाहेर पाठवण्यासाठी. भारतात हे औषध विकायची परवानगी कंपनीनं मागितलीच नव्हती. इथं फारसं खपणार नाही, असा वरच्यांचा अंदाज होता. त्यामुळे बोईसरला ते कुठल्याच दुकानात नव्हतं आणि पालघरलाही नव्हतं.

मी आणि तांडेलकाका नाडकर्णीसाहेबांकडे गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या खिडकीतून लाइन दिसते. त्या वेळी तीच गोळी चालू होती. आमच्याकडे प्रत्येक गोळीचा हिशेब लागतो, एक जरी कमी आली तरी लाइन थांबते. आणि परवानगी नसलेलं औषध गेटबाहेर दिलं तर प्लांटला टाळं लागेल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"मासे पकडणाऱ्यानं घरी बोंबील न्यायचा नाय, असा कायदा कुटं हाय?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

"मासा तुमचा असतो, काका," साहेब म्हणाले. "गोळी कंपनीची."

काका उठून गेले. साहेब मात्र संध्याकाळपर्यंत हेड ऑफिसशी बोलत होते. तेव्हा कळलं की कंपनीची एक योजना आहे. विकसनशील देशातल्या एखाद्या पेशंटला औषध मिळत नसेल तर त्याच्या डॉक्टरनं अर्ज करायचा, कंपनी फुकट पाठवते. फक्त त्या देशाच्या सरकारची आयात परवानगी लागते. म्हणजे तारापूरला बनलेली गोळी भारतात आयात करायची परवानगी. डॉक्टरणीनं अर्ज केला. तिचं आणि माझं रोज फोनवर बोलणं होऊ लागलं. कधी सही राहिलेली असायची, कधी शिक्का.

ते दिवस वाईट होते. रंजना रोज कामावर यायची. रजा घे म्हटलं तर म्हणायची, घरी बसून त्यांचा खोकला ऐकवत नाय. ती लाइनवर बसून त्याच पट्ट्या तपासायची. वाकडी छपाई, रिकामा कप्पा, तुटलेली कड असेल ती बाजूला काढायची आणि बाकीच्या पुढं जाऊ द्यायची. एके दिवशी तिनं एक पट्टी उचलली आणि हातात धरून तशीच बसली. मागच्या पट्ट्या साचायला लागल्या. तांडेलकाका सावकाश चालत तिच्या मागे जाऊन उभे राहिले. मी काचेबाहेरून बघत होते. काय होणार ते मला कळत नव्हतं, आणि काय व्हावं असं मला वाटत होतं तेही सांगता येणार नाही.

मग तिनं पट्टी परत सरकत्या बेल्टवर ठेवली. "बरोबर हाय ही," ती म्हणाली. लाइन पुढं सरकली.

परवानगी आली. हेड ऑफिसची मंजुरीही आली, सोबत देवजीबाबांना शुभेच्छा. साहेबांनी शेवटचं एकदा विचारून पाहिलं, आता सगळं मंजूर आहे तर आमच्या इथूनच देऊ का, हॉस्पिटल इथून फार लांब नाही. तिकडून उत्तर आलं की आपल्या प्लांटला भारतात औषध पुरवण्याची मान्यता नाही. औषध सगळ्या प्लांटचा साठा असलेल्या युरोपातल्या गोदामातून निघेल.

आणि तसंच झालं. आमच्या हॉलमधून निघून बंदरावर गेलेल्या, बोटीतून युरोपात पोचलेल्या पट्ट्या तिथल्या गोदामातून विमानात बसल्या, मुंबईला उतरल्या, कस्टममध्ये थांबल्या आणि एकदाच्या डॉक्टरणीच्या टेबलावर आल्या. तिनं देवजीबाबांना बजावलं, "खास फॉरेनहून मागवलंय. एकही गोळी चुकवायची नाही."

बाबांनी एकही चुकवली नाही. हळूहळू खोकला कमी झाला. मग अन्न जाऊ लागलं. भाताच्या आवणीच्या वेळी बांधावर बसून ते सुनेला आणि मुलाला ओरडत होते, तेव्हा रंजना मला म्हणाली, "आता बरे झाले."

कापणी झाल्यावर तिनं आम्हाला घरी जेवायला बोलावलं. मी, तांडेलकाका आणि नाडकर्णीसाहेब गेलो. अंगणात खाटेवर देवजीबाबा बसले होते, पाड्यावरची चार माणसं भोवती. रंजना आम्हाला पाणी देत होती. बाबांनी उशाखालून एक रिकामी पट्टी काढली आणि सगळ्यांना दाखवली. फ्रेंच अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही बगा," ते म्हणाले. "इमानातून आली. आमच्या सुनंच्या कंपनीत पन गोळ्या बनतात, नाय असं नाय. पन त्या गरीब लोकांना धाडतात. हिची पावरच येगळी."

भोवतालच्यांनी पट्टी हातोहात फिरवली. एकानं ती उजेडात धरून बघितली. ती साहेबांच्या हातात आली, साहेबांनी ती नीट उलटसुलट पाहिली आणि काकांकडे दिली. काकांनी ती बाबांना परत दिली.

"रंजना," बाबा म्हणाले, "किती वर्सं त्या कंपनीत काडलीस. असल्या फॉरेनच्या कंपनीत कुटं लागतं का बग ना."

रंजना आमचे रिकामे पेले गोळा करत होती.

"बघते, बाबा," ती म्हणाली.